फक्त हाताने आवळावे

गाडीतले जुने तेल शेवटच्या थेंबापर्यंत खालच्या पसरट डब्यात उतरल्यावर वेंडेलिन श्टोलला कळले की फिल्टर काही हलायला तयार नाही. हे जरा आधी कळले असते तर तेल गाडीतच राहू देऊन, बॉनेट लावून, आज अंग मोडून आलंय असे काहीतरी सांगून मोकळे होता आले असते. आता ती सोय राहिली नव्हती. गाडी अंगणाच्या मधोमध उभी, इंजिन कोरडे ठणठणीत, आणि उद्या रविवारी डोंगरापलीकडच्या गावात बायकोच्या भाचीचा चर्चमधला सोहळा. रविवारी हातात पाना घेतलेला माणूस अंगणात दिसला तर त्या गल्लीत वर्षभर त्याच्याविषयी बोलले गेले असते. म्हणजे जे काय व्हायचे ते आजच, आणि शक्यतो जेवणाआधी.

वेंडेलिन चष्मेवाला होता, म्हणजे त्याचे चष्म्यांचे दुकान होते. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू चिमटीत धरून फिरवण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या चार गावांत कोणी नव्हता. पण सासऱ्यांच्या लेखी हे हाताचे काम नव्हतेच. "त्याला स्क्रू म्हणत नाहीत. त्याला चुरा म्हणतात," असे गॉटलोब हेगेले म्हणत, आणि वर "देवानं याला दोन्ही हात डावेच दिलेत" अशी पुस्ती जोडत. अठरा वर्षे हे ऐकून वेंडेलिनलाही अधूनमधून आपल्या उजव्या हाताविषयी शंका येऊ लागली होती.

गॉटलोब हेगेले पाववाले होते. खाली जिथे आता श्वेंकबाई भाड्याने राहतात तिथे त्यांची भट्टी होती. उभा जन्म त्यांनी राय या धान्याचे काळपट पीठ मळण्यात घालवला, आणि मळायचे यंत्र घेतले तेही बायकोच्या समाधानासाठी. पहाटे ते यंत्र बंदच असे आणि हेगेले हातांनी मळत असत. त्या हातांची ख्याती अशी की गावातली शहाणी माणसे त्यांना दुरूनच टोपी काढून नमस्कार करत, हात पुढे करत नसत. वेंडेलिनला हे कोणी सांगितले नव्हते. लग्नाच्या दिवशी, नोंदणीच्या टेबलाशी, सासऱ्यांनी प्रेमाने त्याचा हात हातात घेतला आणि त्यानंतर त्याने जी सही केली ती त्याच्या दुसऱ्या कोणत्याही सहीशी आजतागायत जुळलेली नाही.

दरवर्षी वसंतात गाडीचे तेल बदलायचे काम सासऱ्यांचे. यंदा त्यांचे कमरेचे हाड बदलले होते आणि डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली होती. "यंदा देऊ या ना गॅरेजमध्ये," असे वेंडेलिन जेवताना म्हणाला तेव्हा टेबलावर अशी शांतता पसरली, जणू तो सासऱ्यांनाच कुठेतरी नेऊन ठेवायचे म्हणत होता.

"घरात पुरुषमाणूस असताना?" म्हातारबुवा म्हणाले. मग त्यांनी जावयाकडे नीट पाहिले आणि खिशातून एक किल्ली काढून मिठाच्या भांड्याशेजारी ठेवली.

ती अंगणातल्या अवजारांच्या खोलीची किल्ली होती. त्या खोलीत भिंतीवर प्रत्येक अवजार आपल्या जागी टांगलेले असे आणि त्यामागे त्याची बाह्यरेषा रंगवलेली असे, म्हणजे चोरी झालीच तर काय गेले ते दारातून कळावे. अठरा वर्षांत वेंडेलिन तिथे एकटा कधी गेला नव्हता. भिंतीवर एखादे चित्र लावायचे तरी त्याने हातोडी मागायची, मग हातोडीबरोबर सासरे यायचे, खिळा तेच ठोकायचे आणि चित्र वाकडे लागले की "भिंत वाकडी आहे" असे सांगून हातोडीसह परत जायचे.

"एकट्यानं तेल बदलून दाखव," हेगेले म्हणाले. "मला हाक मारायची नाही, मेकॅनिकला फोन करायचा नाही. जमलं तर किल्ली तुझी."

"कायमची?"

"आधी जमू दे." आणि किल्ली परत खिशात गेली.

वेंडेलिनला त्या किल्लीसाठी काय वाटत होते ते त्याने बायकोलाही सांगितले नव्हते. पन्नाशी उलटलेल्या माणसाने हातोडीसाठी जीव टाकावा हे सांगण्यासारखे नव्हतेच.

आता तो बॉनेटखाली कोपरापर्यंत हात घालून उभा होता. फिल्टर इंजिनाच्या कुशीत, बाजूला बसवलेला होता. वाकले की हात पुरत होता, पण पकड मिळाली तरी काही उपयोग होत नव्हता. त्याने उलटा फिरवला. फिल्टर जागच्या जागी. त्याने दात खाऊन फिरवला. आता फिल्टरऐवजी गाडी हलली.

वरच्या गच्चीतून आवाज आला, "कसं काय चाललंय, जावईबापू?"

हेगेले गुडघ्यांवर घोंगडी घेऊन, काठी मांडीवर आडवी टाकून, कोवळ्या उन्हात खुर्ची मांडून बसले होते. नाटकाला लवकर येऊन बसलेल्या माणसाचे समाधान त्यांच्या तोंडावर होते.

"उत्तम चाललंय, बाबा!"

"फिल्टर निघाला?"

"काढतोच आहे!"

"सहज निघेल रे. मी कधी पाना लावून आवळत नाही हो. डब्यावर लिहिलेलंच असतं, 'फक्त हाताने आवळावे'. मी हातानंच आवळला होता."

वेंडेलिनने नव्या फिल्टरचा खोका उचलून पाहिला. खरेच तसे लिहिले होते. हात कोणाचा, ते मात्र कारखान्याने लिहिले नव्हते.

तेलाचे बूच गाडीतल्या साध्या पान्याने निघाले होते, पण असा फिल्टर काढायला पट्ट्याचा एक खास पाना मिळतो. तसला पाना घरात होता, त्याची बाह्यरेषाही भिंतीवर होती, आणि तो किल्लीच्या पलीकडे होता. किल्ली मिळवायची तर पाना हवा आणि पाना मिळवायचा तर किल्ली मागायला हवी. वेंडेलिन थोडा वेळ या गोष्टीकडे बघत उभा राहिला आणि मग स्वयंपाकघरात गेला.

गेरलिंड मसूर शिजत टाकून श्पेट्झले पाडत होती. डाव्या हातात ओल्या पिठाची फळी, उजव्या हातात पाते, आणि उकळत्या पाण्यात पिठाच्या बारीक पट्ट्या सपासप पडत होत्या. बाजारात त्यासाठी यंत्र मिळते, पण हेगेल्यांच्या घरात यंत्राने पाडलेल्याला श्पेट्झले म्हणत नसत.

"आपल्याकडे बरण्यांची झाकणं उघडायचं काही आहे का गं? म्हणजे तो चिमटा वगैरे?"

"आपल्याकडे? कशाला लागतो?" तिने मान वर न करता विचारले. "अडकलाय का?"

"छे! अडकतोय कसला. जरा... घट्ट आहे."

"रबरी हातमोजे ने. आणि साडेबाराला जेवायचंय. पाटी आपल्या दाराला आहे, लक्षात आहे ना?"

पाटी म्हणजे झाडणीच्या आठवड्याची लाकडी पाटी. ती ज्याच्या दाराला लटकते त्याने त्या आठवड्यात जिना पुसायचा आणि अंगण झाडायचे, आणि शनिवारी संध्याकाळी सगळे लखलखीत करून पाटी शेजारच्या दाराला लावायची. पुढची पाळी श्वेंकबाईंची होती. त्या पाटी घेताना अंगण असे तपासत, की वेंडेलिनच्या दुकानात चष्मा घ्यायला आलेले लोकही तेवढ्या बारकाईने अक्षरे वाचत नसत.

पिवळे हातमोजे घालून वेंडेलिनने पुन्हा जोर लावला. मोजा फिरला, हात मोज्यात फिरला, फिल्टर होता तिथेच राहिला. मग त्याला युक्ती सुचली. पाना नसेना का, पट्टा तर आहे! त्याने कमरेचा कातडी पट्टा सोडला, फिल्टरभोवती गुंडाळला, दोन्ही टोके मुठीत धरली आणि एक पाय बंपरला लावून मागे रेलला. पट्टा ताणला गेला. फिल्टरने किंचित आवाज केला, किंवा वेंडेलिनला तसे वाटले. आणि पट्टा नसल्यामुळे जे व्हायचे ते झाले, विजार घोट्यांशी येऊन पडली.

"गुटन मॉर्गन, श्टोलसाहेब," तळमजल्याच्या खिडकीतून श्वेंकबाई म्हणाल्या.

"गुटन मॉर्गन, श्वेंकबाई."

दोन्ही हात अडकलेले. सोडावा तर मिळालेली पकड जाणार. वेंडेलिनने सभ्यपणे मान झुकवली आणि तशाच अवस्थेत ओढत राहिला. त्याच क्षणी पट्टा मधोमध तुटला आणि तो गुलाबाच्या आळ्यात जाऊन बसला.

"काय करताय म्हणते मी? तेल बदलताय का? अंगणात?" श्वेंकबाईंच्या मांडीवरच्या मांजरीनेही मान वर केली. "एक थेंब जमिनीत गेला ना, तर अख्ख्या गावाचं पाणी नासतं म्हणे. पेपरात आलं होतं."

"एक थेंबसुद्धा सांडणार नाही, श्वेंकबाई. डबा आहे ना खाली."

"हं," श्वेंकबाई म्हणाल्या. "असो. पाटी काय, तुमच्याच दाराला आहे."

गच्चीतून हेगेल्यांनी विचारले, "पडलास का रे?"

"नाही बाबा, बसलोय!"

"बस, बस. घाई कसली आहे!"

विजारीला सुतळी बांधून वेंडेलिन पुन्हा उभा राहिला. आता मात्र तो चिडला होता, आणि चिडलेला सौम्य माणूस काय करील याचा भरवसा नसतो. दुकानात एकदा एका गिऱ्हाइकाने सांगितलेले त्याला आठवले. फिल्टर अगदीच ऐकेना तर सरळ त्याच्या आरपार मोठा स्क्रूड्रायव्हर घुसवायचा आणि त्याची मूठ करून फिरवायचे. स्वयंपाकघरातल्या खणात एक मोठा स्क्रूड्रायव्हर होता. हातोडी नव्हतीच, तेव्हा त्याने मांस कुटायचा लाकडी दांडका आणला.

पहिल्या तडाख्यात स्क्रूड्रायव्हर फिल्टरच्या पोटात शिरला. वेंडेलिनच्या तोंडून विजयाचा उद्गार निघाला. पण फिल्टरच्या पोटात जे वर्षभराचे तेल साठलेले असते ते डब्यात उतरत नाही, तिथेच राहते, हे त्या गिऱ्हाइकाने सांगितलेले नव्हते. ते आता बाहेर आले. आधी मनगटावर, मग कोपरावर, मग बाहीतून आत काखेपर्यंत. दचकून त्याने हात काढला, तो खालच्या डब्याच्या कडेला त्याचा बूट लागला आणि डबा कलंडला.

फरशीवर काळेभोर तेल संथपणे पसरत गेले, आणि त्याच्या पुढच्या कडेला अंगणातले नाले झाकणारी लोखंडी जाळी होती.

"श्वेंकबाई!" वेंडेलिन ओरडला. "काहीतरी द्या! वाळू! भुसा! काहीही!"

श्वेंकबाईंच्या चेहऱ्यावर आपले म्हणणे खरे ठरल्याचे तेज आले होते. पण बाई मनाने वाईट नव्हत्या. त्या आत गेल्या आणि मांजरीच्या शौचाच्या मातीची नवी कोरी पिशवी घेऊन बाहेर आल्या. दोघांनी मिळून ती पिशवी तेलावर रिकामी केली. माती तेल प्यायली. जाळीच्या वीतभर अलीकडे सगळे थांबले.

तेवढ्यात श्नुर्ले, म्हणजे ती मांजरी, खिडकीतून उतरून आली. तिने अंगणाच्या मधोमध पसरलेला आपल्या ओळखीच्या मातीचा तो प्रचंड विस्तार पाहिला. आजवर तिला कोपऱ्यातल्या एका तसराळ्यात भागवावे लागत होते. ती मधोमध जाऊन बसली, शेपूट ताठ केली आणि डोळे मिटले.

"श्नुर्ले! अगं ए! इथं नाही!" श्वेंकबाई धावल्या. मांजरी काम आटोपून तेलाने बरबटलेल्या चारी पायांनी त्यांच्या उघड्या दारातून आत गेली, आणि आत गालिचा होता. श्वेंकबाईंची किंकाळी ऐकून वरून हेगेले म्हणाले, "आता काय झालं?"

"मांजर!" वेंडेलिन म्हणाला. पूर्ण खरे नसले तरी खोटे नव्हते.

अंगणात आता काळा चिखल, इंजिनात स्क्रूड्रायव्हर खुपसलेला फिल्टर, आणि सुतळी बांधलेला वेंडेलिन एवढेच उरले. त्याने स्क्रूड्रायव्हर धरून फिरवून पाहिले. पत्रा टरकन् बोटभर फाटला. आणखी फाटला तर धरायलाही काही उरणार नाही हे ओळखून त्याने स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. त्याला एकदम खूप थकल्यासारखे वाटले. किल्ली गेली हे तो समजून चुकला. उरलेल्या जन्मात एक खिळा ठोकायचा म्हटला तरी हात पसरायचे, आणि तेही डावे. त्याला स्वतःची कीव आली, आणि मग लाज वाटली, आणि मग तो निदान अंगण तरी घासावे म्हणून पुठ्ठे आणि ब्रश आणायला तळघरात गेला.

तळघराची खिडकी अंगणाच्या फरशीच्या पातळीवर होती. ब्रश शोधताना त्याला खिडकीतून आधी काठीचे टोक दिसले आणि मग सपाता. सासरे खाली आले होते. जिन्यावर आवाज न करता ते कसे आले देव जाणे. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, काठी गाडीला टेकवली, बाही दुमडली आणि डॉक्टरांना न विचारता वाकून बॉनेटखाली हात घातला.

वेंडेलिन खिडकीला चिकटला. आता निघणार. आता म्हातारा फिल्टर हातात नाचवत वर जाणार आणि उद्या सोहळ्यात पंगतीत बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगणार.

पण काही निघाले नाही. म्हाताऱ्याची मान लाल झाली. दंडावरची शीर फुगली. त्यांनी दोन्ही हात लावले. एकदा, पुन्हा एकदा. मग हात बाहेर काढून ते नुसतेच उभे राहिले. तेलाने काळा झालेला उजवा हात त्यांनी डोळ्यांसमोर धरला, बोटे मिटली, उघडली. दुसऱ्याच कोणाचा हात चुकून आपल्याकडे आला असावा तसे ते त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी तो रुमालाला पुसला, काठी घेतली आणि आले तसेच, फक्त आणखी हळू, निघून गेले.

वेंडेलिन तळघरात ब्रश धरून उभा होता. अठरा वर्षे या हातावर त्याचा राग होता. आज तो हात हरलेला बघून आपल्याला आनंद व्हायला हवा असे त्याला वाटले, आणि तो काही केल्या होईना. भट्टी गेली, बायको गेली, कंबर गेली. म्हाताऱ्याकडे तो एक हातच राहिला होता.

तो वर आला तर गच्ची रिकामी होती. गेरलिंड मात्र कमरेला फडके खोचून अंगणात आली होती.

"मसूर निवताहेत. किती वेळ?" मग तिने फरशी पाहिली, सुतळी पाहिली, आणि श्वेंकबाईंच्या घरातून येणारा गालिचा बडवल्याचा आवाज ऐकला. ती म्हणाली, "सरक जरा."

तिने कमरेचे फडके काढले, फिल्टरभोवती धरले आणि खांदा किंचित वळवला. करकर असा आवाज झाला. फिल्टर सुटला.

वेंडेलिनने तिच्या हाताकडे पाहिले. मग तोंडाकडे. अठरा वर्षांत घरातली काकडीच्या लोणच्याची एकही बरणी त्याने उघडलेली नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात आले. त्या नेहमी उघड्याच असत.

"झालं," गेरलिंड म्हणाली. "तूच काढलास. मी इथे आलेच नव्हते. जा, किल्ली घेऊन ये."

वेंडेलिनने हात पुढे केला आणि मागे घेतला. "गेरलिंड, तो परत लाव."

"काय?"

"परत लाव. पण सैल. अगदी बोटानं फिरेल असा."

"आणि किल्ली?"

"राहू दे किल्ली." मग त्याने तळघराच्या खिडकीतून काय दिसले ते तिला सांगितले. ती ऐकत राहिली. तिने डोळे पुसले नाहीत कारण हात तेलाचे होते, पण तिने तोंड फिरवले आणि फिल्टर तीनच फेरे फिरवून सैल बसवला. नंतर ती वर गेली.

वेंडेलिन अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "बाबा! नाही जमत! या तुम्ही!"

हेगेले बऱ्याच वेळाने गच्चीत आले. "डॉक्टरनं वाकायला मनाई केलीय," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

"वाकू नका. नुसता हात लावा. माझ्यानं होणार नाही."

"मेकॅनिकला बोलाव."

सासऱ्यांनी मेकॅनिकला बोलवायला सांगण्याची ही जन्मातली पहिलीच वेळ होती. वेंडेलिन घाईने म्हणाला, "मेकॅनिक येऊन हसेल, बाबा! घरात पुरुषमाणूस असताना?"

श्वेंकबाई फडक्यात गुंडाळलेली मांजरी घेऊन दारात आल्या होत्या. त्यांच्या देखत मागे सरणे शक्य नव्हते. हेगेले जिना उतरले. एकेका पायरीवर थांबत उतरले. गाडीपाशी येऊन त्यांनी बाही दुमडली, ती दुमडायला लागते त्याच्या चौपट वेळ लावला, आणि फासावर चढावे तशा चेहऱ्याने हात आत घातला.

फिल्टर गर्रकन फिरला आणि त्यांच्या हातात आला.

हेगेले फिल्टरकडे बघत राहिले. मग त्यांची पाठ हळूहळू सरळ झाली, मान वर आली, मिशा फुलल्या.

"हे काय?" ते म्हणाले. "एवढ्यासाठी सकाळपासून? आणि हे भोक कसलं? भोसकलंस की काय त्याला?"

"चुकलं, बाबा."

"मगाशी मी जरा अंदाज घेऊन गेलो होतो. तेव्हाच म्हटलं, अजून वेळ झालेली नाही. पिठासारखंच असतं हे. तू नुसता झोंबत बसलास. त्याला थोडं मुरू द्यावं लागतं, मग दोन बोटं पुरतात. बघितलंत ना, श्वेंकबाई? दोन बोटं!"

"बघितलं हो, हेगेलेसाहेब! नाहीतर हे. सकाळपासून नुसती विजार सोडून उभे होते."

हेगेल्यांनी नवा फिल्टर मागून घेतला, त्याच्या रबराला बोटाने तेल लावले, तो बसवला आणि ओठ घट्ट मिटून आवळला. "हातानं," ते म्हणाले. "फक्त हातानं." वेंडेलिनने खालचे बूच लावून नवे तेल ओतले, गाडी सुरू करून बंद केली. मग सासऱ्यांनी खिशावर थाप मारली. आत किल्ली वाजली.

"ही आता राहू दे माझ्याकडेच. अजून काही वर्षं. वाईट वाटून घेऊ नकोस, जावईबापू."

आणि त्यांनी हात पुढे केला. वेंडेलिनने आपला हात दिला. पकड मऊ होती, उबदार. चष्म्याच्या काचा पुसताना तो त्याहून जास्त जोर लावत असे.

"आई गं!" वेंडेलिन कळवळून ओरडला. "बाबा, हळू! हाडं मोडाल!"

"नाजूक रे, नाजूक," हेगेले म्हणाले, आणि जेवायला वर जाताना त्यांनी काठी नुसतीच हातात धरली, टेकवली नाही. जेवताना त्यांनी मसूर दोनदा घेतले, सॉसेज तीन खाल्ली आणि कशालाही नावे ठेवली नाहीत. त्या घरात याहून मोठे कौतुक कधी कोणाच्या वाट्याला आले नव्हते.

जेवण झाल्यावर ते गच्चीत खुर्चीवर लवंडले. वेंडेलिन फोड आलेल्या तळव्यांनी ताटे पुसत होता.

"एका वर्षात माणसाचं काय होऊन बसतं बघ," तो हळू आवाजात म्हणाला. "गेल्या वसंतात याच हातानं फिल्टर असा आवळला की मला पट्टा तोडूनही हलेना. आणि आज हात हातात घेतला तर..."

गेरलिंडने नळ बंद केला. "गेल्या वर्षीचा तो बाबांनी आवळलेला नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे आवळला त्यांनीच. पण संध्याकाळी बघते तर गाडीखाली थेंब पडत होते. श्वेंकबाईंनी बघितलं असतं तर गावभर झालं असतं, आणि बाबांना कुठल्या तोंडानं सांगायचं? आपलाच आठवडा होता. झाडायचं निमित्त करून मीच गेले खाली आणि आवळून आले."

"कशानं? पाना तर..."

"पाना कुठला? डब्यावर लिहिलं होतं तेच केलं. फक्त हातानं."

वेंडेलिन ताट धरून उभा राहिला. तो सकाळपासून कोणाशी झुंजत होता ते त्याच्या डोक्यात हळूहळू उतरत होते.

"अगं मग मी सकाळी आलो होतो ना इथे? तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे? बरणी उघडायचा चिमटा आहे का, एवढंच विचारलंस. मी अडकलाय का म्हटलं, तर छे म्हणालास." तिने हात पुसले आणि कोपऱ्यातला खराटा उचलला. "चल. अंगण घासायचंय. पाटी द्यायची आहे संध्याकाळी."

दोघे खाली आले. वेंडेलिनने खराटा घेतला आणि जरुरीपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात फरशी झाडू लागला. गेरलिंडने बॉनेट उघडले, फडके घेतले आणि आत वाकली.

खुर्ची करकरली. "गेरलिंड!" गच्चीतून हेगेल्यांचा झोपाळलेला आवाज आला. "इंजिनात काय बघतेस? हात लावू नकोस हो कशाला. बायकांचं काम नाही ते. घट्ट केलाय मी."

"हो बाबा," गेरलिंड म्हणाली, आणि उरलेला पाव फेरा आवळला.